ताईच्या मार्गदर्शनाशिवाय

१ सप्टेंबर

आली एकदाची. स्किपोल विमानतळावर दोन बॅगा आणि एक फुगलेली पिशवी घेऊन बाहेर पडली ती सरळ माझ्या गळ्यात पडून रडायलाच लागली. लोक बघत होते. मी म्हटलं, "गुंजन, पुरे. इथे असं कुणी रडत नाही." तर हसायला लागली. हिचं लहानपणापासून असंच, रडता रडता हसायचं, आणि मग सगळे हिच्याकडेच बघत बसतात.

पिशवीत भडंग, मेतकूट आणि आईच्या हातची कडबोळी. माझ्यासाठी म्हणून पाठवलेली. ट्रेन द हेगला पोचेपर्यंत भडंगाचं पाकीट हिनेच फोडून निम्मं संपवलं. उरलेलं मी माझ्या पर्समध्ये ठेवलं.

आता सोफ्यावर झोपली आहे. सहा वर्षं मी या देशात एकटी राहिले, तेव्हा कुणाला वाटलं नाही की संपदाला सोबत हवी. धाकटीला मात्र परक्या मुलखात एकटं कसं ठेवायचं, म्हणून ताईचं घर, ताईचंच विद्यापीठ. बाबांनी फोनवर विचारलं, "पोचली ना नीट?" मी कशी आहे ते विचारायचं राहून गेलं असेल. वय झालंय त्यांचं.

६ सप्टेंबर

हिचा प्रवेश तसा अर्धाच आहे. मास्टर्सला घेतलंय, पण लेखनाची अट घालून. पहिल्या सत्रात इंग्रजीत एक निबंध लिहून दाखवायचा. 'सगळ्यांनी मान्य केलेला एक नियम' असा विषय, आणि मुद्दा स्वतःचा, स्वतःच्या अनुभवातून मांडायचा. नापास झाली तर आणखी एक संधी. दुसऱ्यांदाही नापास झाली की नाव कमी, आणि नाव कमी झालं की व्हिसा गेला. म्हणजे सरळ सांगलीला परत.

मी हे सगळं गंभीरपणे समजावून सांगतेय आणि ही चहात बिस्कीट बुडवतेय. "एवढंच? मला वाटलं गणित-बिणित असेल."

एवढंच म्हणे! मी स्वतः ही अट दुसऱ्या खेपेला पास झाले होते, तेही काठावर. पण ते तिला सांगायची काही गरज नव्हती.

आईचा फोन आला. "तू बघून दे गं. ताईच्या नजरेखालून गेल्याशिवाय काही द्यायचं नाही, असं बजावलंय मी तिला." म्हणजे आता माझ्या पीएचडीच्या डोक्यावर हिचे निबंधही. माझं चौथं प्रकरण मारायकेने पुन्हा परत पाठवलंय. मारायके म्हणजे माझी मार्गदर्शक. या वेळी समासात एकच वाक्य, 'यात तू कुठे आहेस?' पूरव्यवस्थापनावरच्या प्रबंधात मी कुठे असणार? बाई सटकलीय.

१५ सप्टेंबर

गुंजनने पहिला खर्डा दिला. वाचला. कपाळाला हात लावला.

२०१९च्या पुराबद्दल लिहिलंय. कॉलनीत पाणी शिरलं, गच्चीवर रात्र काढली, मग बोट आली वगैरे. अहो, पूर आला होता हे सगळ्यांनाच माहीत आहे. त्यात संदर्भ नाही, सिद्धांत नाही, एका विद्वानाचं नाव नाही. 'पाणी आधी रस्त्यावरून आलं नाही, न्हाणीघराच्या जाळीतून वर आलं' ही काय निबंधाची सुरुवात आहे? मी विचारलं, "न्हाणीघराची जाळी? तुझ्या प्राध्यापकांना तू न्हाणीघर दाखवणार?"

तिचा चेहरा पडला. "पण ताई, तसंच झालं होतं."

"झालं असेल. झालेलं सगळं लिहायचं नसतं."

मी दोन तास बसून लाल पेनाने सगळं नीट करून दिलं. पहिली तीन पानं काढून टाकली. माझ्या दुसऱ्या प्रकरणातले परिच्छेद दिले, सामाजिक भांडवल, संस्थात्मक चौकट, सगळं तयार. म्हटलं, हे घाल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी "थँक्यू ताई" म्हणून माझ्यासाठी पिठलं टाकलं. पिठलं बरं झालं होतं. मीठ कमी होतं.

१० ऑक्टोबर

नापास.

मला सांगायलाही आली नाही. मी लायब्ररीतून आले तर अंधारात बसलेली. पीटरचा शेरा दाखवला. पीटर म्हणजे या लेखनाच्या अटीचा सर्वेसर्वा, उंच, भला माणूस, सायकलवरून पडल्यासारखे केस. त्याने लिहिलंय, 'वाक्यं उसनी वाटतात. या मजकुरामागे कुणी माणूस दिसत नाही. तुझा मुद्दा काय आहे?'

झालं की नाही? मी एवढं हातात आयतं दिलं, पण ते पेलायला हवं ना. चांगली साडी दिली म्हणून नेसता येतेच असं नाही. मी तिला चार गोष्टी सुनावल्या, तिच्याच भल्यासाठी. म्हटलं, "बी.ए.ला सांगलीत पहिली आलीस म्हणून इथे कुणी आरती ओवाळणार नाहीये." ती खाली बघून म्हणाली, "तू म्हणालीस तसंच केलं होतं, ताई."

"म्हणजे माझं चुकलं?"

"नाही. तसं नाही म्हणत मी."

मग नक्की काय म्हणतेस बाई? पण ती रडायलाच लागली. मला तिची दया आली, खरंच आली. आणि आणखी एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. ती रडत होती तेव्हा आत कुठेतरी मला हलकं वाटत होतं. दिवसभर काम केल्यावर बूट काढले की वाटतं तसं. थकले असेन.

आता एकच संधी उरली आहे.

२ नोव्हेंबर

मराठी मंडळाची दिवाळी. आम्स्टलफेनमध्ये हॉल घेतला होता. झुइडास भागातल्या बँकांमधली आणि आयटीमधली सगळी मंडळी नटूनथटून. ऋता म्हणून मंडळाची सेक्रेटरी आहे, तिने ऐनवेळी गुंजनला स्टेजवर ढकललं, काहीतरी बोल म्हणून. आणि ही बोलली! आईची अनारशांबरोबर कशी दरवर्षी मारामारी चालते, ते. काही खास नाही, आमच्या घरातलंच. पण हॉलमध्ये माणसं डोळे पुसेपर्यंत हसत होती. इथेच जन्मलेली पोरं, एरवी मराठी ऐकून डचमध्ये उत्तर देणारी, ती सुद्धा खुर्च्या पुढे ओढून बसली.

ऋता मला म्हणाली, "तुझी बहीण काय गोड बोलते गं! तू इतकी वर्षं कधी का नाही स्टेजवर बोललीस?"

मी म्हटलं, "मला पीएचडी असते."

येताना ट्रेनमध्ये मी गुंजनला सांगितलं की लोक हसतात म्हणजे त्यांना आवडतं असं नव्हे. घरातल्या गोष्टी अशा चव्हाट्यावर मांडू नयेत. ती उरलेला वेळ खिडकीबाहेर बघत बसली. बघू दे. निबंध द्यायला नऊ दिवस राहिलेत आणि हिला टाळ्यांची पडली आहे.

११ नोव्हेंबर

दुसरा निबंध दिला. मला न दाखवता!

मी विचारलं तर म्हणाली, "तुझं चौथं प्रकरण चाललंय ना, तुला त्रास नको म्हटलं." एवढी गोड बोलते ना, की रागावताही येत नाही. आईला फोन करून सांगितलं मी. आई तिच्यावर ओरडली. ओरडायलाच हवं होतं.

संध्याकाळी एक प्रिंट माझ्या टेबलावर ठेवून गेली. "दिलंय तर दिलंय, पण तू वाच." सकाळी वाचेन.

१२ नोव्हेंबर

ट्रॅममध्ये वाचला. पुन्हा तोच पूर. पुन्हा तीच न्हाणीघराची जाळी, पहिल्याच ओळीत.

मग बोट. बोटीत सहा जणांची जागा. आधी म्हातारी माणसं, बायका, मुलं, हा नियम सगळ्या गच्च्यांनी मान्य केलेला, कुणाचा वाद नाही. पण नियम काही हाका मारत नाहीत, हाका माणसं मारतात. बाबा ओरडले, "माझी धाकटी आहे, आधी तिला घ्या," आणि गुंजन पहिल्या फेरीत बसली. तळमजल्यावर कपड्यांना इस्त्री करणारी बाई होती, पोटुशी. ती शेवटच्या फेरीत गेली. कुणी तिला मागे ढकललं नाही. कुणाला तिचं नावच माहीत नव्हतं, त्यामुळे तिच्यासाठी हाक कशी मारायची हेच कुणाला कळलं नाही. इतकी वर्षं ती आमचे कपडे घेऊन जायची आणि आम्ही तिला 'इस्त्रीवाली' म्हणायचो. गुंजन लिहिते, गरजवंताला आधी, हा नियम चांगलाच आहे, पण तो ओळखीच्याच गरजवंतापर्यंत पोचतो. शेवटी ती असं म्हणते की मी त्या बोटीतून मागे वळून पाहिलं, आणि हात हलवला, कारण मला दुसरं काही सुचलं नाही.

माझा स्टॉप हुकला. पार शेव्हेनिंगेनला, समुद्रापर्यंत गेले. हल्ली झोप नीट होत नाही.

एकूणात ठीक. भावुक आहे. पण ओळख असेल त्यालाच व्यवस्था पोचते, हा मुद्दा तर सरळ माझा! माझ्या दुसऱ्या प्रकरणात सामाजिक भांडवलाचा भाग आहे, तो मीच तिला दिला होता सप्टेंबरात. म्हणजे शेवटी कामाला आलंच माझं.

आणि शेवटच्या पानावर, 'तुम्हाला कोणाची मदत झाली?' या प्रश्नाखाली तिने लिहिलंय, 'माझी मोठी बहीण संपदा हिच्या मार्गदर्शनाशिवाय या निबंधातला एकही शब्द लिहिला गेला नसता. यात जे चांगलं आहे ते तिचं, चुका माझ्या.'

बरं वाटलं. लिहिलं तर खरं. आपल्याकडे ही रीतच आहे म्हणा, हिच्या बी.ए.च्या प्रोजेक्टमध्ये प्राचार्यांपासून शिपायांपर्यंत सगळ्यांचे आभार होते. पण तरी. सहा वर्षांत माझं नाव चांगल्या कारणासाठी कुणी कागदावर लिहिलं नव्हतं.

२६ नोव्हेंबर

आज विचित्र दिवस.

गुंजन पास. नुसती पास नाही, पीटरने तिचा निबंध म्हणे वर्गात वाचून दाखवला. ती धावत आली, मला उचलून गोल फिरवायला लागली. खालच्या डच आजींनी दार उघडून बघितलं.

पण दुपारी मला पीटरचा मेल आला होता. अगदी साधा. पहिल्या आणि दुसऱ्या निबंधात फार मोठा फरक दिसतो, आणि विद्यार्थिनीने लिहिलंय की तुमच्याशिवाय एकही शब्द झाला नसता. निकाल पक्का करण्याआधी विचारतो, तुमची मदत नेमकी काय होती? दोन ओळी पुरे.

दोन ओळींत कसं सांगणार? मी नीट लिहिलं. मुद्दा माझ्या संशोधनातून आलेला आहे. मांडणी मी शिकवली. सप्टेंबरपासून प्रत्येक पायरीवर मार्गदर्शन केलं. भाषेवरही हात फिरवला. इंग्रजीत हे सगळं इतकं छान दिसत होतं की मी परत परत वाचलं. पाठवून दिलं. मग गुंजनबरोबर बाहेर जाऊन फ्राइट, म्हणजे इथले तळलेले बटाट्याचे काप, खाल्ले, मेयोनेजबरोबर. ती एवढी खूश होती. मीही होते.

३ डिसेंबर

पीटरने तिला बोलावलं होतं. काम तिचं नाही असा संशय आहे म्हणे. दहा तारखेला तिघांच्या समितीपुढे यायचं, दोघींनी.

गुंजन घरी आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. माझा मेल त्यांनी तिला वाचायला दिला होता.

"ताई, असं का लिहिलंस?"

"त्यांनी विचारलं म्हणून. आणि तूच नाही का लिहिलंस, माझ्याशिवाय एकही शब्द झाला नसता?"

"अगं ते आभार होते! आपण लिहितो ना तसं, रीत म्हणून. आता मी 'कुणाचीच मदत नाही' असं लिहिलं असतं तर तुला काय वाटलं असतं?"

"म्हणजे तू खोटं लिहिलंस?"

ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. मग हळूच म्हणाली, "ताई, तू त्यांना फक्त एवढंच लिही, की दुसरा निबंध तू आधी वाचलाही नव्हतास. एवढंच. ते खरं आहे ना? माझं सगळं त्याच्यावर आहे गं."

मी म्हटलं, विचार करते. विचार केला. लिहायला बसलेही. पण लिहायचं म्हणजे काय, तर मी पहिल्यांदा लिहिलं ते खोटं होतं असं लिहायचं! आणि ते खोटं नाहीये. मुद्दा माझाच आहे. शिवाय हे मारायकेच्या कानावर गेल्याशिवाय राहणार नाही, आणि मार्चमध्ये माझी मुदतवाढ ठरायची आहे. हिने दोन आभाराच्या ओळी लिहायच्या आणि मी माझं नाव घालवायचं, हा कुठला न्याय?

नाही लिहिलं.

१० डिसेंबर

झालं एकदाचं.

तिघं होते. पीटर, एक बाई, एक तरुण. कॉफी दिली. पीटर अतिशय सौम्य बोलत होता. त्याने माझ्या मेलमधली वाक्यं वाचून गुंजनला विचारलं, "तुझी बहीण सांगते आहे तसं आहे का?"

गुंजन माझ्याकडे वळली आणि चक्क मराठीत म्हणाली, "ताई, तूच सांग ना त्यांना. पूर आला तेव्हा तू सांगलीत नव्हतीसच."

मी तिला इंग्रजीत सांगितलं की बाकीच्यांना कळेल असं बोल, हे बरं दिसत नाही.

एक क्षण असा आला होता. खोटं कशाला लिहू. तिचे हात टेबलाखाली माझा हात शोधत होते, लहानपणी पूल ओलांडताना धरायची तसा तिने माझा हात धरला, आणि मला वाटलं, म्हणून टाकावं. 'तिचंच आहे.' एवढंच तर म्हणायचं होतं. पण ती बाई माझ्याकडे इतक्या आदराने बघत होती. मी हात सोडवून कॉफीचा कप उचलला.

पीटर गुंजनला म्हणाला, "तुझ्या बहिणीचा काही गैरसमज झाला असेल तर तसं मोकळेपणाने सांग. इथे कुणाला राग येणार नाही."

आता यांना कोण समजावणार? आमच्या घरात मोठ्या बहिणीला चार परक्या माणसांपुढे खोटं पाडत नाहीत. तेवढे संस्कार आहेत तिच्यावर. ती पीटरकडे वळली. मग म्हणाली, "माझी बहीण खोटं बोलत नाही."

"म्हणजे ती म्हणते ते खरं?"

तिने मान हलवली. हो म्हणून.

मला एकदम मोकळं वाटलं. म्हणजे तिलाही ठाऊक होतंच की! उगाच आठवडाभर मला मनाला लावून घ्यायला लावलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बघ, खरं बोललं की त्रास होत नाही." ती माझ्यापुढे सायकल घेऊन निघून गेली, सिग्नल न बघता. ट्रॅमवाल्याने केवढी घंटा वाजवली.

१८ डिसेंबर

निकाल आला. काम स्वतःचं नाही. अट अपूर्ण. तिसरी संधी नाही. जानेवारीअखेर नाव कमी होणार.

आईबाबांना मीच फोन केला, कारण ही बोलेना. आई रडली, आणि मग म्हणाली, "अगं, ताईने एवढं लिहून दिलं तरी तुला निभावता आलं नाही?" फोन स्पीकरवर होता. बाबा मागून म्हणाले, "संपदाची गोष्टच वेगळी. सगळ्यांना कसं जमेल ते." सहा वर्षांत पहिल्यांदा बाबांच्या तोंडून हे ऐकलं. गुंजन तिथेच बसून मटार सोलत होती. तिने मान वर केली नाही. मटार सोलत राहिली, सगळे संपेपर्यंत.

२९ जानेवारी

स्किपोलवर सोडून आले. या वेळी रडली नाही. मी जवळ घेतलं तर उभी राहिली, ताठ. मी म्हटलं, "सांगलीत काहीतरी चांगलं मिळेल. बी.एड. कर. सगळ्यांनी लिहायलाच हवं असं नाही." म्हणाली, "हो ताई."

"राग नाही ना?"

"नाही ताई."

मग बरं. तिथे रांगेत गेल्यावर एकदाही मागे वळून बघितलं नाही. घाईत असेल. घरी येऊन सोफ्यावरची चादर धुवायला टाकली. घर मोठं वाटतंय.

१९ फेब्रुवारी

मारायकेने बोलावलं. वाटलं, मुदतवाढीचंच काहीतरी असणार. पण तिच्या टेबलावर गुंजनचा निबंध! पीटरने दिला म्हणे. समितीतल्या सगळ्यांना तो विसरता येईना. मारायके उठून उभी राहिली, मला म्हणाली, "संपदा, हे तुझं आहे? इतकी वर्षं तू हे माझ्यापासून लपवून ठेवलंस?" तिच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. डच बाई!

मी म्हटलं, "मूळ कल्पना माझी, बहिणीने फक्त..." ती म्हणाली, "मला कळलंय सगळं." मग खुर्ची ओढून जवळ बसली. म्हणाली, चौथं प्रकरण असंच लिही. अगदी असंच, तुझ्या या आवाजात. मुदतवाढीची समिती एकवीस मार्चला बसते आहे, आणि आता जे आहे त्यावर मी सही करू शकत नाही, हे तुला माहीत आहे. पण या पानांवर डोळे मिटून करीन.

मी हवेत तरंगत घरी आले. शेवटी कुणीतरी ओळखलं मला.

९ मार्च

बसतेय रोज. जमत आलंय. पूर, गच्ची, बोट, सगळं घेतलंय, फक्त मी ते जरा उंचीवर नेलंय. न्हाणीघर अर्थातच काढलं.

१६ मार्च

पहिली पानं तयार. पण मला स्वतःला कळेना कशी झालीत. वाचते तेव्हा छान वाटतं, आणि मग अर्ध्या तासाने काहीच वाटत नाही. दाखवणार कुणाला? मारायकेला थेट अंतिमच द्यायचं आहे. ऋताला काय कळतं.

गुंजनला फोन केला. गेल्यापासून ती आपणहून करत नाही, मी केला की घेते. आई म्हणाली हल्ली एका क्लासच्या ऑफिसात बसते, फॉर्म भरून घ्यायला. मी म्हटलं, "जरा ऐकतेस का, तुझ्या कानावर घालते. तू तिथे होतीस ना तेव्हा." म्हणाली, "वाच ना ताई."

मी वाचलं. पहिलंच वाक्य: 'महापुराचे रौद्र लोंढे गर्जना करीत आमच्या दारावर आदळले, तेव्हा संस्थात्मक चौकटीचं अपयश माझ्या डोळ्यांसमोर नागडं उभं राहिलं.' मग इस्त्रीवाली. मी तिला नावही दिलंय, लक्ष्मी, म्हणजे वाचणाऱ्याला धरून ठेवायला सोपं. ती बोटीत चढताना हात जोडून मला म्हणते, 'ताई, गरिबाला कोण विचारतं?' तिथे माझाच आवाज भरून आला. पानं संपेपर्यंत गुंजन मध्ये एकदाही बोलली नाही.

मी विचारलं, "आहेस ना?"

"आहे."

"कसं वाटलं? खरं सांग. माझं सगळं यावरच आहे, गुंजन. शुक्रवारी समिती आहे. काही खटकत असेल तर आताच सांग, चार दिवस आहेत, करते दुरुस्त. तू सांगशील ते करते."

मागे क्लासमधली पोरं पाढे म्हणत होती. मग ती बोलली, अगदी शांत, गोड आवाजात. किती दिवसांनी ऐकला तो आवाज.

"नाही ताई. काही खटकलं नाही. फार सुंदर झालंय. अगदी आहे तसंच दे."

कसलं ओझं उतरलं म्हणून सांगू! शेवटी सख्खी बहीण ती सख्खीच. फोन ठेवल्या ठेवल्या मारायकेला पाठवून दिलं.